धूळ सोसत नाही

निपाणीच्या दीपंकर मधाळे यांचा राग एरवी कागदावरचा असे. बँकेत ऑफिसर असल्यामुळे ते चिडले की अर्ज लिहीत. नगरपालिकेला लिहीत, वीज कंपनीला लिहीत, रस्ता अडवून मांडव घालणाऱ्या मंडळाला लिहीत. अर्जाला उत्तर कधी येत नसे, पण लिहून झाला की त्यांना भूक चांगली लागे. तोंडानं भांडायची सवय त्यांना नव्हती. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीनंतर एका सकाळी, मुलीनं विसरलेला डबा द्यायला ते शाळेत गेले, तेव्हा त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून ते स्वतःच दचकले.

सातवीतली पारमिता वर्गाबाहेरचा व्हरांडा झाडत होती. कमरेत वाकलेली, वेणी खांद्यावरून पुढं आलेली आणि हातात खराटा. वर्गातली मुलं खिडकीतून बघत होती. शेजारच्या मारुतीरावांचा नातू आदर्श खिडकीच्या गजाला धरून केळं खात होता, आणि मधाळ्यांच्या डोळ्यांदेखत त्यानं साल व्हरांड्यात टाकलं. पारमितानं ते खराट्यानं पुढं ओढलं.

"कुणी दिला हा तुझ्या हातात?" मधाळे ओरडले.

"बाईंनी. माझी पाळी आहे, पप्पा," पारमिता म्हणाली. "डबा आणला काय?"

आता बारा वर्षांच्या मुलीनं चार चौकोनी फरशा झाडल्या यात एवढं काय, असं कुणाला वाटेल. ज्याला वाटेल त्याच्या आजीनं गावची चावडी झाडून पदरात भाकरी घेतलेली नसणार. मधाळ्यांच्या आजीनं घेतली होती. आई यल्लव्वानं तंबाखूच्या वखारीत अख्खी हयात घालवली, नाकातोंडात भुकटी घेऊन. मधाळ्यांनी ऑफिसर झाल्यावर पहिल्यांदा काय घेतलं असेल तर व्हॅक्यूम क्लीनर. तो वापरायला कुणाला नीट जमत नसे आणि त्याचा आवाज सुरू झाला की गल्लीतली कुत्री भुंकत, पण तो दिवाणखान्यात, आल्यागेल्याला दिसेल असा, उभा असे. आणि इकडे, एवढी फी भरून घातलेल्या इंग्रजी शाळेत, त्यांच्या मुलीच्या हातात खराटा.

डबा हातात तसाच धरून मधाळे मुख्याध्यापिकांच्या खोलीत शिरले. पट्टणशेट्टी मॅडम शांतपणे सह्या करत होत्या. त्यांचं मराठी कानडीच्या चालीवर चालायचं, आणि त्या चालीपुढं रागावलेल्या माणसाची चाल आपोआप मंद व्हायची.

"बसा की सर. असं उभारून कसं बोलायचं?"

मधाळे बसले नाहीत. मुलांना शाळेत कशासाठी पाठवतात, समता म्हणजे काय, श्रमाची सक्ती कायद्यात कुठं बसते, हे सगळं त्यांनी उभ्यानं सांगितलं. मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

"मूल्यशिक्षण आहे सर ते. आपला वर्ग आपण झाडायचा. कामाला लाजू नये, कुणी वरचा न्हाई, कुणी खालचा न्हाई. पुस्तकात वाचून ते येतंय काय? म्हणून पाळी लावलोय. सगळ्यांना."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही म्हणून मधाळे जास्तच संतापले आणि डबा टेबलावर आपटून बाहेर पडले. त्यात आमटी होती.

घरी संध्याकाळी हा विषय निघाला तेव्हा कुणीच त्यांच्यासारखं पेटेना. बायको उपासना जवळच्या खेड्यात सरकारी शाळेत शिकवायची. ती कणीक मळता मळता म्हणाली, "सगळ्यांची पाळी असेल तर आपल्या पोरीची पण असणारच. माझ्या शाळेत पोरं परिपाठाच्या आधी अंगण झाडतात. कुणी कधी अर्ज केला नाही."

"तुझ्या शाळेत सगळीच झाडतात. इथं एक झाडत होती आणि बाकीची केळी खात होती."

आईकडून त्यांची मोठी अपेक्षा होती. यल्लव्वानं सगळं ऐकून घेतलं आणि नातीकडं वळून विचारलं, "पारे, कोपऱ्यातलं नीट काढलीस न्हवं? लोकं मधलं झाडत्यात आन् कोपरं तशीच ठेवत्यात."

मधाळे उठून फाटकाशी जाऊन उभे राहिले. तिथं मारुतीराव होतेच. मारुतीराव बस डेपोतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून गल्लीतल्या प्रत्येक घराची गाडी वेळेवर सोडणं हे आपलं काम समजत. त्यांना सगळं आधीच कळलं होतं. आदर्शनं सांगितलं होतं, केळ्याचा भाग वगळून.

"साहेब, अर्ज लिवायला बसू नगासा," मारुतीराव म्हणाले. "डॉक्टरचं सर्टिफिकिट द्या जावा. धूळ सोसत न्हाय म्हणून. आमच्या आदर्शचं जूनलाच दिलंय. तवापासनं हात लावत न्हाईत त्येला."

बोलणं चालू होतं तेव्हा धूळ न सोसणारा आदर्श समोरच्या बांधकामाच्या वाळूत गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घेत होता.

एरवी मधाळ्यांनी हा सल्ला मनावर घेतला नसता. त्यांनी आयुष्यात खोटं बिल लावलं नव्हतं. पण डोळ्यासमोरून ते साल हलेना. खोट्याला उत्तर म्हणून थोडं खोटं चालतं, असं त्यांनी मनाशी ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी पारमिताला घेऊन डॉक्टर आण्णाप्पा चौगुल्यांच्या दवाखान्यात गेले.

"खोकला येतो काय, बाळ?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," पारमिता म्हणाली.

"येतो," मधाळे म्हणाले. "झोपेत येतो. तिला कळत नाही."

पारमितानं वडिलांकडं पाहिलं. मधाळ्यांनी भिंतीवरच्या फुप्फुसाच्या चित्राकडं पाहिलं. डॉक्टरांनी कुणाकडंच न पाहता लिहून दिलं की या मुलीस धुळीची ॲलर्जी असून हा त्रास कायमस्वरूपी आहे, तरी तिला धुळीपासून दूर ठेवावे. शाळेतल्या क्लार्कनं ते घेतलं, कॉम्प्युटरवर चढवलं आणि "गेलं सिस्टीममध्ये" असं म्हणाला. मधाळ्यांना त्या रात्री गाढ झोप लागली.

आठवडाभर खराटा पारमिताच्या वाट्याला आला नाही. मग एका संध्याकाळी ती घरी आली ती दप्तर न काढताच पायरीवर बसली. चहाला उठेना. उपासनानं विचारलं, आजीनं विचारलं. शेवटी ती म्हणाली, "सरांनी मला खो-खोच्या टीममधनं काढलं."

पारमिता संघाची कप्तान होती. महिनाभरानं चिकोडीला आंतरशालेय सामने होते. तिच्या पायात पाऱ्यासारखं काहीतरी होतं, असं खेळाचे सर म्हणत, आणि ही एक गोष्ट मधाळे बँकेत येणाऱ्या प्रत्येक खातेदाराला सांगत.

दुसऱ्या सकाळी ते तडक शाळेत. या वेळी पट्टणशेट्टी मॅडमनी त्यांना बसा असंही म्हटलं नाही. "तुम्हीच दिलाय की सर. धुळीपासून दूर ठेवावं म्हणून. वर्गातली धूळ एक आणि मैदानातली धूळ एक, असं असतंय काय?"

"पण मग बाकीची कशी खेळतात? तो आदर्श?"

"आदर्श कुठं खेळतो? ज्यांचं ज्यांचं सर्टिफिकेट आहे त्यांना मैदान बंद आहे. त्यांच्या आईवडिलांची तक्रार न्हाई. त्या तासाला ती मुलं आत बसून गणिताची शिकवणी घेतात, तेवढंच त्यांना बरं."

"किती जणांची आहेत अशी सर्टिफिकेटं?"

मॅडमनी शेजारचा कप्पा उघडला आणि पुन्हा बंद केला. तो नीट बंद होईना. "झाडायला आता सातवीत सातआठ जणच उरलेत. रिक्षावाल्याची मुलगी आहे, विडीकामगाराची दोन आहेत. ज्यांना डॉक्टरकडं जायचं सुचलं न्हाई ते." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आणि खो-खोच्या संघात सातवीच्या ज्या मुली आहेत त्या यातल्याच सर. झाडतात तीच खेळतात."

मधाळ्यांच्या कानशिलाची शीर उडायला लागली. म्हणजे त्यांचा पहिला राग खरा होता. समतेच्या नावानं शाळेनं पाळी लावली होती आणि आईबापांनी कागद देऊन देऊन ती पाळी पुन्हा जिथं होती तिथंच नेऊन ठेवली होती. आणि त्या कागदांच्या थप्पीत सगळ्यात वरचा कागद त्यांचा होता. राग कुणावर काढावा हे कळेना, म्हणून ते क्लार्कवर चिडले. "ते सर्टिफिकेट परत द्या."

"परत देता येत न्हाई सर. सिस्टीममध्ये आजार घालायची सोय हाय. काढायची न्हाई. बरं झाल्याचं सर्टिफिकेट आणा."

डॉक्टर चौगुल्यांनी हात वर केले. "मधाळेसाहेब, कायमस्वरूपी म्हणून मीच लिहिलंय. आता दहाबारा दिवसांत बरं झालं म्हणून लिहिलं तर लोक मला काय म्हणतील? माझी काही प्रॅक्टिस आहे की नाही?" आजार देणाऱ्यानं तो परत घ्यायचा नाही असा जणू वैद्यकशास्त्राचा नियमच असावा, अशा गंभीर चेहऱ्यानं त्यांनी पुढचा पेशंट आत बोलावला. जाता जाता, सरकारी डॉक्टरकडून घेतलंत तर शाळा नाही म्हणणार नाही, एवढं सुचवलं. निपाणीच्या सरकारी डॉक्टरांनी छातीचं काम आपल्याकडं नाही म्हणून बेळगावला पाठवलं.

दरम्यान मारुतीराव गप्प बसले नव्हते. मधाळ्यांची पोरगी अडचणीत आहे एवढंच त्यांना कळलं होतं, आणि तेवढ्यावर त्यांनी मनापासून मदत केली. गल्लीच्या, डेपोच्या आणि भजनी मंडळाच्या अशा सगळ्या ग्रुपांवर त्यांनी लिहून टाकलं की निपाणीतल्या एका शाळेत धुळीचा गंभीर आजार असलेल्या मराठी मुलीला जबरदस्तीनं झाडू मारायला लावतात, सर्वांनी पुढे पाठवा. सर्वांनी पुढे पाठवलं. फिरत फिरत त्यात दम्याचा झटका आला, मग ऑक्सिजन आला. बँकेत खातेदार मधाळ्यांपाशी येऊन आवाज खाली आणून विचारू लागले, "पोरीचं आता कसं हाय?" अनगोळहून मधाळ्यांच्या मामेबहिणीचा रडत फोन आला. उत्साही तरुणांचं एक टोळकं निवेदन घेऊन शाळेच्या फाटकावर जाऊन आलं. पोरीला काहीही झालेलं नाही, हे सिद्ध करायला निघालेल्या माणसाला आता अर्धी निपाणी तिच्या आजाराबद्दल धीर देत होती.

"काय केलंत हे?" मधाळे फाटकात उभं राहून मारुतीरावांना म्हणाले.

"आभार कशाला मानताय," मारुतीराव म्हणाले. "शेजारी म्हणून एवढं करायलाच पायजे."

बेळगावच्या दवाखान्यात सकाळी जाऊन रांगेत उभं राहिलं तर दुपारी डॉक्टर दिसतात, तसे दिसले. तरुण होते, थकलेले होते. मुलीला काय होतं, असं त्यांनी कानडीत विचारलं.

"एनू इल्ला," मधाळे म्हणाले. काही नाही.

"मग का आणलंय?"

"काही होत नाही, हे बघायला."

डॉक्टरांनी चष्मा काढून मधाळ्यांनाच जरा निरखून पाहिलं. मागं रांगेत खोकणारी माणसं होती, खरी खोकणारी. मग ते पारमिताकडं वळले आणि मराठीत म्हणाले, "तुला खोकला येतो काय गं?"

पारमितानं तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं मान वर करून वडिलांकडं पाहिलं. त्या पाहण्यात तक्रार नव्हती, थट्टाही नव्हती. होमवर्क कुठल्या वहीत करायचा असं विचारावं तसं तिनं विचारलं, "पप्पा, आज काय सांगायचं?"

मधाळे पुढं कुणालाही हा प्रसंग सांगताना इथं घाईनं पुढं जात. डॉक्टरांनी तपासलं, छाती स्वच्छ आहे म्हणाले, पण तसं लिहून द्यायला नकार दिला. काही नसल्याचं मी काय म्हणून लिहू, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी 'निरीक्षणाखाली ठेवावे' असं लिहिलं आणि रांग पुढं सरकवली. परतीच्या बसमध्ये पारमिता खिडकीला डोकं टेकून झोपली. मधाळ्यांनी मनात धरलेले सगळे राग, शाळेवरचा, डॉक्टरवरचा, मारुतीरावांवरचा, एकेक करून तपासून पाहिले. संकेश्वर येईपर्यंत त्यातला एकही धड टिकला नाही, आणि जो टिकला तो फारच अडचणीच्या माणसावरचा होता.

त्या शनिवारी पालकसभा होती. पट्टणशेट्टी मॅडमनी व्हॉट्सॲपवरचा निरोप वाचून दाखवला आणि पालकांपैकी कुणाला यावर बोलायचं आहे काय, असं विचारलं. मधाळे उठले. त्यांनी रात्रभर चांगलं चार परिच्छेदांचं भाषण तयार केलं होतं, त्यात लोकशाही होती. उभं राहिल्यावर त्यातलं काही आठवेना.

"माझ्या मुलीला कसलीही ॲलर्जी नाही," ते म्हणाले. "मी खोटं सर्टिफिकेट दिलं. तिच्यादेखत दिलं. ते मॅडमनी फाडून टाकावं."

तिथंच थांबले असते तर सगळे त्यांना भला माणूस म्हणाले असते. पण समोरच्या रांगेत बसलेल्या मारुतीरावांनी सहानुभूतीनं मान हलवली, आणि ती मान पाहून मधाळ्यांचा तोल गेला. "आणि तुमच्यापैकी ज्यांनी दिलीत," ते म्हणाले, "तुमची पोरं मैदानात बघा की. आत्ता. सगळी धुळीत लोळताहेत."

लोकांनी खिडकीतून पाहिलं. सभेमुळं मोकळी सुटलेली, कायमस्वरूपी आजारी असलेली सातवी खरोखरच धुळीत लोळत होती. आदर्श कुठला तो ओळखू येत नव्हता, इतका तो मातीच्या रंगाचा झाला होता.

मग जे व्हायचं ते झालं. एक पालक म्हणाले, आमच्या घरातल्या गोष्टीत तुम्ही बोलू नका. एक बाई म्हणाल्या, आमच्या मुलाला खरंच शिंका येतात, सकाळच्या. तिसरे म्हणाले, शाळेनं अभ्यास घ्यावा, संस्कार आम्ही घरी करतो. "दिसताहेत की," मधाळे म्हणाले, आणि पुन्हा गोंधळ झाला. तो थांबवायला पट्टणशेट्टी मॅडमनी टेबलावर फक्त हात ठेवला.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "ज्यांना धूळ सोसत न्हाई त्यांना खराटा द्यायचा न्हाई. चूक माझीच आहे, पहिलेच सुचायला पाहिजे होतं. त्यांनी ओल्या फडक्यानं फरशी पुसायची. ओल्याला धूळ उडत न्हाई. सोमवारपासून."

सोमवारी सातवीची अर्धीअधिक मुलं गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होती. आदर्शला तर हे फारच आवडलं. ओल्या फडक्यावर बसून व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरत जाता येतं हा शोध त्यानं पहिल्याच दिवशी लावला. मंगळवारी सकाळी मारुतीराव फाटकाशी आले. आवाज त्यांनी बराच खाली आणला होता.

"साहेब, पाण्याचं सर्टिफिकिट कोण देतंय वो?"

"चौगुले डॉक्टर देतील," मधाळे म्हणाले. "पण मग आदर्शची आंघोळ कायमची बंद करावी लागेल."

"चालंल," आदर्श आजोबांच्या मागून म्हणाला. मारुतीराव डॉक्टरकडं गेले नाहीत.

पारमिताचं नाव संघात परत आलं. कॉम्प्युटरमधला आजार निघाला नाही, तो अजून आहे, पण मॅडमनी तिकडं न बघायचं ठरवलं. चिकोडीच्या सामन्याला मधाळ्यांनी रजा काढली. उपासना आली, यल्लव्वा आली, आणि गाडी वेळेवर सोडायला मारुतीराव आले.

पहिले दोन सामने निपाणीच्या मुलींनी सहज मारले. तिसरा अटीतटीचा झाला. शेवटची पाळी, समोरच्या मुलींना एकच गुण हवा होता, आणि मैदानात पळणारी एकटी पारमिता उरली होती. खांबाला वळसा घाल, दोघींच्या मधून निसट, पुन्हा उलटी फीर. मधाळे ओरडून ओरडून घोगरे झाले होते. वेळ संपत आली. खांबाजवळ पाठलाग करणारीनं अंग झोकून दिलं आणि ती तोंडावर पडली. पंच दुसऱ्या अंगाला होते. शिट्टी वाजली नाही. निपाणीकरांनी उड्या मारल्या.

पारमिता मात्र थांबली. तिनं हात वर केला, पंचांकडं जाऊन आपल्या खांद्यामागं बोट दाखवलं, इथं हात लागला म्हणाली आणि मैदानाबाहेर चालू लागली. समोरच्या संघानं आरोळी ठोकली. एका गुणानं सामना गेला.

मधाळे खुर्चीवरून उठलेच. सगळं अंग तापलं होतं. पंचांनी पाहिलं नव्हतं. शिट्टी नव्हती. कुणी विचारलं नव्हतं. कुणी सांगितलं होतं हिला पुढं होऊन सांगायला? हे असलं शाळेतच शिकवतात, आणि मग पोरं जगात कशी टिकायची, या शाळेला आता चांगला मोठा अर्ज लिहिला पाहिजे, असं त्यांच्या मनात आलं. तेवढ्यात शेजारून मारुतीरावांचा आवाज आला.

"साहेब, पोरगीला जरा समजावून सांगा. इतकं खरं बोलून चालत न्हाय."

मधाळे गर्रकन वळले. आत्ता या घटकेला त्यांना नेमकं हेच बोलायचं होतं, शब्दाला शब्द. ते त्या तोंडातून ऐकून त्यांना असा काही संताप आला की आयुष्यात आजवर आले होते ते सगळे राग त्याच्यापुढं अर्जातलेच वाटावेत.

"काय समजावू?" ते ओरडले. "सांगा ना मारुतीराव. काय समजावू तिला?"

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. मारुतीरावांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून सांगितलं. यल्लव्वा केव्हाच उठून मैदानाकडं गेली होती, आणि पारमिता तिच्या पदरानं तोंडावरची धूळ पुसून घेत होती.